गांधीबागेतली तोफांची सलामी

इतर मुलं 'कमळ', 'गवत' वाचून अक्षरं शिकली. मी 'जाहीर निषेध' वाचून शिकले. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. आई-बाबा दोघंही मोर्चेवाले. डब्यातली पोळी पत्रकात गुंडाळलेली, खिडकीची फुटकी काच पत्रकाने बुजवलेली, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. शाळेत बाईंनी एकदा माझी गणिताची वही हातात घेतली, वरचं 'खुर्ची खाली करा' वाचलं आणि न तपासताच परत दिली. अशा घरात वाढलेल्या मुलीला जग सरळ दिसत नाही. आई स्वतः मोर्चेवाली असून म्हणते, "हिला भाजीत मीठ कमी पडलं तरी त्यात कोणाचा तरी हात दिसतो."

तर मी नाटक लिहिलं, तेही अर्थातच कोणाचा तरी हात दाखवणारं.

विषय होता पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचा अरबस्तान. तिकडच्या मुलखावर तुर्कांची सत्ता होती, तुर्क जर्मनांच्या बाजूने जाणार अशी चिन्हं होती, आणि इंग्रजांना बसऱ्याचं बंदर, इराणातलं तेल आणि हिंदुस्थानचा समुद्री रस्ता या तिन्हींची काळजी पडली होती. मग साहेबाला एकदम आठवलं, की वाळवंटातले शेख आपले फार जुने मित्र. एका शेखाला सांगितलं, तुर्कांची साथ सोड, तुझं राज्य आमच्या छत्राखाली स्वतंत्र राहील. (छत्राखाली स्वतंत्र! हे दोन शब्द शेजारी बसवायला इंग्रजच हवा.) युद्ध पेटल्यावर तर वचनांना ऊत आला. साहेबाच्या एका कचेरीने एका घराण्याला शब्द दिला, दुसऱ्या कचेरीने त्याच्या वैऱ्याला, आणि तिसरी फ्रेंचांबरोबर बसून नकाशावर रेघा ओढत राहिली. आखाताचा कारभार हिंदुस्थान सरकारकडून चालायचा, बसऱ्यात उतरलेली फौजही इथलीच. म्हणजे वचन साहेबाचं, गोड तोंडं अरबांची आणि मरायला आपण.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सलामी. कोणत्या राजाला, कोणत्या शेखाला किती तोफांची सलामी, हे साहेबाने ठरवून दिलेलं असायचं. जास्त गोड वागला की जास्त तोफा. दारूगोळा उडायचा हवेत, शेख खूश व्हायचा जमिनीवर आणि जमीन जायची साहेबाकडे. नागपूरकरांना हे नव्याने सांगायला नको. आपल्याही राजाच्या दरबारात एक रेसिडेंट साहेब मित्र म्हणून राहायला आला होता. पुढे राज्य खालसा झालं आणि मित्र राहिला.

नाटक बसवणार होत्या ताई. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि गेली कितीतरी वर्षं आमच्या हौशी मंडळीचा संसार ओढणाऱ्या. या मंडळीला स्वतःची जागा कधीच नव्हती. तालमी कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत, तिथे लग्न निघालं की आचाऱ्यांच्या बाजूला. एकदा आम्ही एका शोकांतिकेचा शेवटचा प्रवेश जिलेबीच्या कढईशेजारी बसवला होता. नाटकांचं सामान ताईंच्या घरात असायचं. त्यांच्या पलंगाखाली मुकुट, फ्रिजवर तलवारी, आणि पाहुणा आला की आधी सिंहासनावरचे कपडे काढून त्याला बसायला जागा. ताईंना बाकी कशाचा मोह नव्हता. त्यांना एक खोली हवी होती. जिथे संध्याकाळी कुलूप उघडायचं, तालीम करायची, कुलूप लावून घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी सामान तिथेच सापडायचं, एवढीच.

आणि ती खोली त्यांना मिळाली. गांधीबागेत साड्यांचा ठोक व्यापार करणारे एक शेठ आहेत. त्यांच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली रिकामी पडली होती. ताईंनी त्यांच्या मुलीला शाळेत शिकवलेलं. एक दिवस शेठ स्वतः ताईंच्या घरी आले, सिंहासनावर बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "ताई, आप कायको इकडेतिकडे फिरता? वरची खोली घ्या ना. तुमचीच समजा. कायमची."

ताई त्या दिवशी मला फोनवर पाच-सहा वेळा 'कायमची' म्हणाल्या.

महापालिकेच्या निवडणुका कैक वर्षं रखडल्या होत्या आणि आता एकदाच्या लागणार अशी हवा होती. शेठचा पुतण्या वॉर्डातून उभा राहणार, हे पानठेल्यावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. मी ताईंना म्हटलं, "ताई, युद्धाच्या तोंडावरची मैत्री आहे ही."

"तुझं नेहमीचंच," ताई म्हणाल्या. "लिहिलंस तेवढं पुरे. आता जगाला नाटकाचे नियम लावू नकोस."

खोलीत पहिल्या दिवशी शेठने सत्काराचा कार्यक्रम ठेवला. खोली मिळाली आम्हाला, तर सत्कार आम्ही शेठचा करायला हवा. पण शेठ या बाबतीत फार पुढचे. त्यांनी आमचाच केला. सत्कार ही आपल्याकडची एकमेव तोफ आहे जिला दारूगोळा लागत नाही. ताईंना शाल आणि श्रीफळ. शेखाचं काम करणाऱ्या कंडक्टरदादांना नुसता दुपट्टा. साहेबाचं काम करणाऱ्या विमा एजंटला फुलांचा गुच्छ, तोही अर्धा सुकलेला. आणि मला, लेखिकेला, एक गुलाब. मी मनात तोफा मोजत बसले होते. तेवढ्यात माझं लक्ष ताईंकडे गेलं. शाल खांद्यावर पडताना त्या उभ्या राहिल्या, मान किंचित झुकवली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा टोमणा मी गिळला. काटा काढून गुलाब पर्समध्ये ठेवला.

आपल्याकडे ज्याच्या हातून शाल घेतली त्याला दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारता येत नाही. खोली कायमची म्हणजे काय, किल्ली कोणाकडे, कुलूप कोणाचं, असले प्रश्न श्रीफळ हातात असताना तोंडातून फुटत नाहीत. ताई इतिहास शिकवत होत्या, त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण नारळ जड असतो.

तालमी जोरात सुरू झाल्या. शेठने शेखाच्या तंबूसाठी गोदामातलं डागी कापड पाठवलं. कोणत्याही बाईने साडी म्हणून नेसलं नसतं अशा गुलाबी रंगाचं. ताईंनी आणि मी ते शिवून खोलीत मोठा तंबू उभा केला. तोफेसाठी तेलाचा रिकामा पिपा. साहेबाची टोपी कागदाच्या लगद्याची. कंडक्टरदादा दुपारी उमरेडची फेरी मारून डेपोत तिकिटांचा हिशोब द्यायचे आणि खाकी पँटवरच शेखाचा झगा चढवायचे. त्यांचा शेख रुबाबदार होता. फक्त अधूनमधून तो साहेबाला "पुढे सरका" म्हणायचा.

पहिल्या अंकाचा शेवट हा आमचा कळीचा प्रवेश. साहेब मधाळ बोलून वचन देतो, बाहेर पिपा वाजतो, म्हणजे सलामीची तोफ, आणि शेख उठून उभा राहतो. कंडक्टरदादांना हे उभं राहणं पटत नव्हतं.

"ताई, हा येडा आहे का? साहेब गोड गोड बोलून राह्यला अन् हा उठून उभा? मी असतो त साहेबाच्या पाठीत घातली असती."

"तो उभा राहिला होता, दादा."

"काहून पन?"

मला दादांची बाजू पटली. मी म्हटलं, "बदलू या ना. शेख बसून राहतो. साहेबाकडे पाठ करतो. टाळ्या पडतील."

ताई म्हणाल्या, "टाळ्या पडतील, खरं आहे. पण तो उभा राहिला होता. का उभा राहिला, ते दिसू दे लोकांना."

मी पत्रकांवर वाढलेली, मला शेवटी मूठ वर गेलेली लागते. मी चिडले. पण इतिहासाच्या बाईशी इतिहासावर कोण भांडणार?

मग एका संध्याकाळी साहेब वचन देत असताना दार उघडलं आणि भजनी मंडळाच्या काकू आत आल्या. गोदामाच्या मागच्या गल्लीतल्या बायांचं मोठं भजनी मंडळ आहे, त्याच्या या प्रमुख. आवाज असा, की मंडळाला माइक लागत नाही. हातात शिंप्याची टेप. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं आणि सरळ भिंत मोजायला लागल्या.

"काय मोजता, काकू?" ताईंनी विचारलं.

"देवाचे फोटो लावाचे हायेत. हा तंबू कवा काढता तुम्ही?"

"का बरं? नाटक व्हायचंय अजून."

"नाटक होऊ द्या वं. नाटक झाल्यावर त जासान ना? मंग आमचे भजनं सुरू होतीन इथं."

"काकू, ही खोली शेठनी आम्हाला दिली आहे. कायमची."

काकूंनी टेप गुंडाळली. "कायमची त आमाले देल्ली. मायावाल्या घरी येऊन सांगतलं, चहा पेऊन. शाल बी देल्ली."

"शाल आणि श्रीफळ?" मी विचारलं.

"दोन्ही. अन् एक साडी."

म्हणजे काकूंना आमच्यापेक्षा जास्त तोफा होत्या. मतं जास्त ना! भजनी मंडळात अख्खी गल्ली, आणि आमच्या नाट्यमंडळीतले निम्मे लोक दुसऱ्याच वॉर्डात मतदान करणारे. साहेबाचा हिशोब असा असतो. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, माझं भाकीत खरं ठरलं होतं. पण ताई तंबूच्या खांबाला धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पाहून मला बरोबर असण्याचा कंटाळा आला.

मग काकूच म्हणाल्या, "तुमाले बी फसवलं म्हना की."

दोन दिवसांनी पुतण्याचे कार्यकर्ते आले आणि जिन्यात फलक टेकवून गेले. फलकावर पुतण्याचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'संपर्क कार्यालय', बाण वरच्या मजल्याकडे. हा तिसरा शब्द! फ्रेंच आले होते.

मी पत्रक काढायला निघाले. मथळाही तयार होता. ताईंनी मला थांबवलं आणि भलतंच सांगितलं. म्हणाल्या, "प्रयोगाच्या आधी शेठचा जाहीर सत्कार करायचा. काकूंना बोलवायचं, पुतण्याला बोलवायचं. तिघांनी मिळून आभार मानायचे. शेठना सगळ्यांसमोर काय ते बोलू दे."

मला वाटलं, वा! तीन शेख एका तंबूत आणि समोर साहेब. अरबस्तानात हे कधी घडलं नाही, गांधीबागेत घडणार.

प्रयोगाला हॉल भरला होता. अर्धे नाटकाचे, अर्धे भजनाचे, आणि मागच्या रांगांत पुतण्याची पोरं शिट्ट्या वाजवायला. शेठ पांढऱ्या कुडत्यात व्यासपीठावर. ताईंनी त्यांना शाल घातली, नारळ दिला आणि माइकवर म्हणाल्या, "शेठनी आमच्या नाट्यमंडळीला वरची खोली कायमची दिली, त्याबद्दल आभार."

टाळ्या.

मग काकू माइकपासून चार हात दूर उभ्या राहून गरजल्या, "शेठनं आमच्या भजनी मंडळाले वरची खोली कायमची देल्ली, त्यायचं लय भलं होवो!"

टाळ्या. पण यावेळी थोडी कुजबुजही.

पुतण्याला अंदाज आलेला नव्हता. त्याने तयार करून आणलेलं भाषण केलं, की काकांनी वॉर्डाच्या सेवेसाठी वरच्या खोलीत कायमचं कार्यालय दिलं आहे, चोवीस तास दार उघडं राहील.

आता हशा पिकला. मी विंगेत उभी होते. शेठची तारांबळ पाहायची होती मला, घाम पाहायचा होता. शेठनी माइक हातात घेतला, तिघांकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे! तिघांचीच आहे. खोली एक, परिवार एक!"

आणि हॉल टाळ्यांनी दणाणून गेला. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. समोरच्या बायांनी एकमेकींना 'किती मोठं मन' म्हटलं. ज्या माणसाला उघडं पाडायला बोलावलं, त्याला आम्ही स्वतःच्या हाताने शाल घालून, नारळ देऊन, माइक देऊन वर बसवलं होतं. शाल घातलेल्या माणसाला खोटं पाडायची सोय आपल्या सभाशास्त्रात नाही, आणि आम्ही शाल आधी घातली होती. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी आधी प्रश्न विचारला असता. आम्ही आधी शिष्टाचार उरकला.

नाटक चांगलं झालं. पिपा वाजला, शेख उभा राहिला. पण त्या क्षणी हॉलमध्ये तालमीत असायची तशी शांतता नव्हती. कुठेतरी मधल्या रांगेत एक बाई हसली, मग दुसरी. भजनाच्या बाया होत्या. त्यांना अरबस्तान माहीत नव्हता, शेख मात्र ओळखीचा वाटला.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. निवडणूक झाली, पुतण्या निवडून आला, आणि आठवड्याभरात वरची खोली साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरली. लग्नसराईचा माल. ताई विचारायला गेल्या तर शेठ म्हणाले, "सध्या ठेवलाय ताई. खोली तुमचीच आहे." साहेबही कुठला प्रदेश खाऊन टाकत नसे. सध्या ठेवत असे.

ताईंनी मला आणि कंडक्टरदादांना बोलावलं, गठ्ठ्यांच्या मागून तंबूचं कापड ओढून काढलं, बांबू सोडवले. दुकानातला माणूस म्हणाला, "ताई, कपडा शेठचा आहे."

"शिलाई माझी आहे," ताई म्हणाल्या. "उसवून देऊ का?"

तो बाजूला झाला.

तंबू आणून ठेवायचा कुठे? पलंगाखाली जागा नव्हती. तेव्हा काकू आल्या. त्यांच्या मागच्या गल्लीत मंदिराचं पटांगण आहे, एका कोपऱ्यात कडुनिंब. म्हणाल्या, "इथं ठोका. दुपारी आमचे भजनं, सांजेले तुमचं नाटक. कोनाच्या बापाची नाही ही जागा."

"काकू, आमच्या नाटकात शिव्या आहेत हो," ताईंनी आधीच सांगून टाकलं.

"असू द्या. देवानं ऐकल्या नसतीन का?"

तर आता गुलाबी तंबू कडुनिंबाखाली उभा आहे. त्याला कुलूप लागत नाही, सामान रोज आत-बाहेर करावं लागतं, मुकुट पुन्हा पलंगाखाली गेले आहेत. ताईंना हवी होती ती खोली ही नव्हे. हे मी मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की झालं ते बरंच झालं. बरं झालेलं नाही. परवा वारं सुटलं तेव्हा ताई या वयात बांबू धरून उभ्या होत्या.

मे महिन्यात पुन्हा प्रयोग ठरला म्हणून तालीम चालू होती. ऊन उतरलं होतं पण जमीन तापलेलीच. अशा वेळी पटांगणात गाडी थांबली आणि शेठ उतरले. हातात पिशवी, पिशवीतून शालीची झालर डोकावत होती. पुतण्याला आता आमदारकीची स्वप्नं पडायला लागली आहेत, असं गल्लीत बोललं जात होतं.

"ताई! काय सुंदर तंबू," शेठ म्हणाले. "पुढल्या टायमाला मंडप टाकून देतो ना तुम्हाला. कायमचा." आणि त्यांनी पिशवीत हात घातला.

ताई सतरंजीवर बसल्या होत्या. कंडक्टरदादा झगा अर्धा घालून थांबले. काकू भजनाच्या झांजा गोळा करत होत्या, त्याही थांबल्या. सगळ्यांचे डोळे ताईंवर. मला तो पहिला सत्कार आठवला, झुकलेली मान आणि डोळ्यांतलं पाणी.

ताई उठल्या नाहीत.

"नागपूरच्या मे महिन्यात शाल, शेठ?" त्या म्हणाल्या. "ठेवा पिशवीत. किल्ली आणली असेल तर ती द्या."

शेठ हसले. किल्ली आणलेली नव्हती.

"मग बसा. तालीम चालू आहे."

खुर्ची नव्हती. शेठनी इकडेतिकडे पाहिलं, पांढरा कुडता सावरला आणि सतरंजीच्या कडेला, काकूंच्या झांजांशेजारी बसले. साहेबाने लगद्याची टोपी सारखी केली आणि वचन दिलं. बाहेर पिपा वाजला. कंडक्टरदादा, आमचा शेख, हळूच उठून उभा राहिला, मान किंचित झुकवली. इतकं नेमकं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. कुणाकडून उचललं होतं ते मला कळलं, ताईंनाही कळलं असणार.

आणि मग एकट्या माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. शेठना प्रवेश फार आवडला होता.

"पुन्हा घ्या," ताई दादांकडे पाहत म्हणाल्या. "टाळी चुकीच्या जागी पडली."